सांता मोनिकाचा मठ आणि दिवाळीतला किल्ला

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आपल्या परिचयाचा झाला तो शाळांच्या पाट्यांवरून. इंग्रजी माध्यमाची, गणवेश आणि टाय असलेली, प्रवेशासाठी आईबापांना रांगेत उभी करणारी शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, अशी आपली समजूत दोन पिढ्या टिकून आहे. संसार सोडून व्रतस्थ राहणाऱ्या स्त्रीपुरुषांचा मठ हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. तो आपल्या कानावरून गेला असला, तरी मनात रुजला नाही. आता आपल्या मुलांना तो शब्द तिसऱ्याच अर्थाने भेटू लागला आहे.

गेल्या वर्षी एकदा तासाच्या पाच मिनिटे आधी वर्गात शिरलो, तेव्हा मागच्या बाकावर तीन विद्यार्थी एका मोबाइलवर डोकी भिडवून बसले होते. पडद्यावर एक पडका मठ होता. कमानी, तुटलेला घंटाघर-मनोरा, दगडी जिने, आणि त्या जिन्यांवरून बंदूक रोखून पुढे सरकणारा एक सैनिक. मोबाइल जप्त करण्याचा शिक्षकी मोह आवरून मी विचारले, ही वास्तू कुठली? उत्तर आले, “सर, युरोपातली असणार. असं आपल्याकडे कुठलं?”

प्रस्तुत लेखक राहनाळला राहतो. येथून जवळच अंजूर गाव आहे. वसईच्या मोहिमेत पेशव्यांना साह्य करणारे गंगाजी नाईक त्याच अंजूरचे. भिवंडी रोड स्थानकावरून दिवा-वसई मार्गाने गेले, की त्या मोहिमेचे लक्ष्य असलेला वसईचा किल्ला लागतो. त्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा संघांचे मठ आणि चर्चे आजही भग्नावस्थेत उभी आहेत. कमानी आहेत, मनोरे आहेत, आणि पायाखाली पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळाही आहेत. मुलाने पडद्यावर पाहिलेले सारे काही त्याच्या घरापासून लोकलगाडीच्या अंतरावर आहे. तरीही त्याला ते परदेशी वाटले. यात त्या मुलाचा दोष किती आणि आपला किती, हा या लेखाचा विषय आहे.

ऐतिहासिक मठ खेळाच्या रंगभूमीवर आणण्याची कल्पना अगदी नवी नाही. १९८७ मध्ये स्पेनमधील पाको मेनेंदेझ आणि हुआन देल्कान या दोन तरुणांनी ‘ला अबादिया देल क्रिमेन’ हा संगणकावरचा खेळ तयार केला. मध्ययुगीन मठात घडणाऱ्या खुनांचा शोध हा त्याचा विषय. उंबेर्तो एको यांच्या गाजलेल्या कादंबरीवरून त्यांनी तो बेतला होता. मात्र तिचे नाव वापरण्याची अनुमती न मिळाल्याने निराळे नाव द्यावे लागले. देल्कान वास्तुशास्त्राचे विद्यार्थी होते. आजच्या हिशेबाने अत्यंत तुटपुंजी स्मृती असलेल्या यंत्रावर त्यांनी जिने, दालने, भोजनगृह आणि ग्रंथालयाचा चकवा असलेला एक सबंध मठ उभा केला. भांडवल थोडे, साधने अपुरी, पण आपल्या संस्कृतीतील वास्तूची जाण पक्की, असे ते उदाहरण आहे. ते वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

मठाचे अनेक जन्म

आपल्या जवळपास असा मठ कोणता, असे कोणी विचारले तर मी जुन्या गोव्यातील सांता मोनिकाचे नाव घेईन. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने १६०६ मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि १६२७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. पूर्वेकडील पोर्तुगीज मुलखातला स्त्रियांसाठीचा हा पहिला मठ. जांभ्या दगडाची तीन मजली प्रचंड वास्तू, मध्ये चौक, बाहेरून भिंतींना धीर देणारे भक्कम टेकू. १६३६ मध्ये तिला आग लागली आणि ती पुन्हा उभारावी लागली. समोरच सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष आहेत. त्याचे छत १८४२ मध्ये कोसळले, दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये ढासळला. उरलेला मनोरा अजून आकाशात उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थींचा शोध याच अवशेषांत लागला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्यांची आनुवंशिक तपासणी केली आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतील काही अवशेष जॉर्जियाला सन्मानाने दिले. खेळासाठी याहून रोमहर्षक कथानक कोणत्या लेखकाला सुचणार?

परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या मठात निराळेच नाट्य दिसते. धनिक पोर्तुगीज घराण्यांतील मुली हुंड्यासह मठात प्रवेश करीत. त्या हुंड्यांतून आणि वारशांतून मठाची मालमत्ता वाढत गेली. तेव्हा गोव्याच्या नगरसभेने राजाकडे तक्रारी सुरू केल्या. संपत्ती मठात अडकून पडते आणि वसाहतीतील पुरुषांना हुंड्यासह वधू मिळत नाहीत, असा त्यांचा आक्रोश होता. स्त्रीच्या संन्यासाला आक्षेप घेतला गेला तो श्रद्धेच्या नव्हे, तर हिशेबाच्या वहीवरून! हुंड्याच्या बाजाराचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडायचे नाही. पण खेळातला मठ पाहा. तिथे अंधारे भुयार असते, पुरलेला खजिना असतो, कुजबुजणारी भुते असतात. वही मात्र नसते. मठात रोज कोणी तरी दळत होते, शिवत होते, आजाऱ्याची शुश्रूषा करीत होते, जमाखर्च लिहीत होते, याचा मागमूस तिथे सहसा नसतो.

१८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ विसर्जित केले. सांता मोनिकात नव्या स्त्रियांचा प्रवेश थांबला आणि शेवटच्या धर्मभगिनीच्या मृत्यूनंतर मठ ओस पडला. पुढे तिथे सैनिक राहू लागले. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी ‘मातेर देई’ ही संस्था तिथे सुरू झाली. राशोल येथे १९९४ मध्ये उघडलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ मध्ये या मठाच्या प्रार्थनामंदिरात हलविण्यात आले. तेच राशोल, जिथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मठ, छावणी, विद्यालय, संग्रहालय असे या वास्तूचे जन्म मोजता येतात. उद्या खेळाची रंगभूमी हा तिचा आणखी एक जन्म ठरला, तर केवळ नवेपणामुळे दचकण्याचे कारण नाही.

पावित्र्याचा प्रश्न

तरीही एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जिथे माणसे गुडघे टेकतात, तिथे पडद्यावर का होईना, गोळीबार करावा काय? २००७ मध्ये इंग्लंडात हाच वाद पेटला होता. सोनी कंपनीच्या ‘रेझिस्टन्स: फॉल ऑफ मॅन’ या खेळातील एका धुमश्चक्रीची जागा मँचेस्टरच्या कॅथीड्रलशी हुबेहूब जुळत होती. त्या शहरातील तरुण खऱ्या बंदुकांना बळी पडत असताना आमच्या प्रार्थनास्थळात बंदुकीचा खेळ मांडला, हे चर्चचे दुःख होते. कंपनीने अखेर क्षमा मागितली. पुढे कॅथीड्रलच्या धुरीणांनी पवित्र वास्तूंच्या अशा वापरासाठी काही मार्गदर्शक सूत्रेही तयार केली. बंदी मागण्याऐवजी सूत्रे लिहिली, ही गोष्ट अनुकरणीय वाटते.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे एक देशी उत्तरही दडलेले आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर त्यांतली एक आजही आहे. भाविकांना ती नारोशंकराची घंटा म्हणूनच ठाऊक. घंटेने धर्म बदलला, काम बदलले नाही. अर्थात जेत्याने आणलेल्या घंटेचा दाखला देताना हेही म्हटले पाहिजे, की जिच्या मनोऱ्यावरून ती उतरवली, त्या मनोऱ्याखालच्या माणसांना कोणी विचारले नव्हते. म्हणून माझे मत असे, की वास्तूची कल्पना नव्याने करण्यास हरकत नसावी. परंतु ती वास्तू जर नांदती असेल, तर तिथे राहणाऱ्यांना आधी विचारावे. वसईतील भग्न मठाला आणि धर्मभगिनी जिथे आजही शिकतात त्या सांता मोनिकाला एकच नियम लावता येणार नाही.

ग्रे कापडाचा धडा

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो, आणि त्यासाठी भिवंडीसारखी दुसरी पाठशाळा नाही. आमच्या यंत्रमागांवर रात्रंदिवस कापड विणले जाते. त्यातले बरेचसे मजुरीवर विणले जाते. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, घाम कामगाराचा. तयार होते ते कोरे ग्रे कापड. त्याला रंग चढतो दुसऱ्या गावी, त्यावर छाप पडते तिसऱ्याच्या नावाची, आणि खरा नफा त्या छापेवर असतो. मागाचा खडखडाट ज्याच्या कानात असतो, त्याच्या पदरात मीटरमागे ठरलेले पैसे पडतात.

खेळांच्या उद्योगातही आपण बरीच वर्षे ग्रे कापडच विणत आहोत. बंगळुरूची ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही या क्षेत्रातली आद्य कंपनी १९९७ मध्ये निघाली. परदेशी खेळांसाठी मोटारी आणि दृश्ये रेखाटून देणे हे तिचे मोठे काम होते. २०१९ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. ‘युबीसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यात आपला कारखाना थाटला. आपल्या मुलामुलींना यातून रोजगार मिळाला, कौशल्य मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्रमागानेही भिवंडीला रोजगार दिला. परंतु पॅरिसच्या कमानी रेखाटण्यात आपली बोटे वाकबगार व्हावीत आणि वसईच्या कमानी कोणीच रेखाटू नयेत, ही श्रमविभागणी नैसर्गिक नाही; ती भांडवलाने आणि आपल्या उदासीनतेने घडवलेली आहे.

उलट बाजू पाहा. २०१७ मध्ये ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा खेळ आला. त्याची पार्श्वभूमी पश्चिम घाट, आणि त्यातील मंदिरे होयसळ शिल्पकलेवरून बेतलेली. बेलूर-हळेबीडच्या पाथरवटांनी शतकांपूर्वी केलेले काम त्या खेळाचा कच्चा माल ठरले. खेळ घडवणारी कंपनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची. आणि ती ज्या शहरात आहे त्याचे नाव सांता मोनिका! संत ऑगस्टीनच्या त्याच मातेच्या नावाने एक मठ गोव्यात उभा आहे आणि एक शहर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. एकाकडे चारशे वर्षांच्या भिंती आहेत, दुसऱ्याकडे त्या भिंतींतून पैसा निर्माण करण्याची विद्या. यापेक्षा बोलके योगायोग क्वचितच घडतात.

भाडे कशाचे घ्यावे?

मग अशा कंपन्यांकडून भाडे का घेऊ नये, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारकात चित्रपटाचे चित्रीकरण करायचे तर परवाना आणि शुल्क लागते. खेळ रचणारा चित्रकार मात्र छायाचित्रांवरून सारे रेखाटतो आणि दमडीही देत नाही. हा अन्याय नव्हे काय?

येथे घाईने उत्तर देऊ नये. चित्रपटाचा ताफा स्मारकाची जागा अडवतो, भिंतींना धक्का लावू शकतो, पाहणाऱ्यांना बाहेर ठेवतो. त्याचे शुल्क रास्त आहे. परंतु वास्तूचे रूप ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एकाने पाहिले म्हणून दुसऱ्यासाठी ते उणे होत नाही. ज्या वस्तूच्या आणखी एका उपभोगाला काहीच खर्च येत नाही, तिच्यावर कर बसवला तर समाजाचे नुकसानच होते. आणि तो कर कॅलिफोर्नियाची कंपनी सहज भरेल, नाशिकचा किंवा वसईचा होतकरू तरुण मात्र दारातूनच परत जाईल. पाहण्यावर जकात नको, हे माझे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर असे, की मोजमापाचे काम मात्र फुकट होत नाही. पॅरिसच्या नोत्र दामचे उदाहरण घ्या. युबीसॉफ्टच्या २०१४ मधील ‘असॅसिन्स क्रीड: युनिटी’ या खेळात ते कॅथीड्रल मोठ्या निगुतीने उभे केले होते; त्या कामावर एका कलावतीने सुमारे दोन वर्षे खर्ची घातली. १५ एप्रिल २०१९ रोजी खरे कॅथीड्रल जळाले, तेव्हा आता या खेळावरून त्याची पुनर्बांधणी होणार अशा वार्ता जगभर पसरल्या. त्या खऱ्या नव्हत्या. खेळातले कॅथीड्रल खेळण्याच्या सोयीसाठी रचलेले होते. क्रांतिकाळातील पॅरिसमध्ये जो शिखरमनोरा नव्हताच, तोही त्यात शोभेसाठी उभा केला होता. पुनर्बांधणीला आधार मिळाला तो खऱ्या मोजमापांचा. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीच्या कितीतरी आधी लेसर किरणांनी त्या वास्तूचा कण न कण मोजून ठेवला होता. कंपनीने पाच लाख युरोंची देणगी दिली, हे तिचे सौजन्य. पण वास्तू वाचते ती सौजन्याने नव्हे, आधी करून ठेवलेल्या कामाने.

तेव्हा करायला हवे ते हे. वसईचे मठ, गोव्यातील वास्तू आणि २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेले मराठ्यांचे किल्ले यांची अशी काटेकोर मोजमापे सरकारी खर्चाने व्हावीत. ती विद्यार्थ्यांना आणि लहान उद्योगांना विनामूल्य मिळावीत. मोठ्या कंपन्यांनी हा सज्ज मालमसाला वापरला, तर त्यांनी सेवेचे मोल द्यावे आणि ते त्याच स्मारकाच्या देखभालीकडे जावे. त्यासाठी नवे महामंडळ नको. १९९६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी देणग्या स्वीकारण्यासाठीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले. त्याच वर्षी संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना इतर खेळांच्या उत्तेजनाची भाषा केली. पण धोरणात जमीन, वीज आणि सवलती यांचा विचार होतो, तसा कच्च्या मालाचाही व्हायला हवा. या उद्योगाचा कच्चा माल म्हणजे आपली स्मृती. ती मोजलेली, लिहिलेली, रेखाटलेली नसेल, तर सवलतींच्या इमारतीत बसून आपली मुले पुन्हा दुसऱ्यांच्याच कमानी रंगवतील.

हे अशक्य आहे असे मानू नये. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने ‘राजी’ हा खेळ रचला. त्याची दृश्ये राजस्थानच्या किल्ल्यांवरून आणि पहाडी चित्रशैलीवरून सुचलेली होती. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, पैशांची चणचण होती. तरी २०२० मध्ये खेळ बाहेर आला आणि पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. स्पेनमधील त्या दोन तरुणांची आठवण येथे व्हावी. पुण्यातून राजस्थानपर्यंत जाता येते, तर भिवंडीतून वसईपर्यंत का जाता येऊ नये?

मातीचा किल्ला

शेवटी, वास्तूंना खेळात आणणे हे आपल्याला परके आहे, असे समजणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की दिवाळीत अंगणात आपण काय करीत होतो? दगड, विटा, माती आणि जुने गोणपाट यांचा रायगड उभा राहत होता. त्यावर अळीव पेरले जात होते, मातीचे मावळे पहाऱ्यावर बसत होते आणि सिंहासनावर महाराज. बुरूज चुकीच्या बाजूला असे, मावळा दरवाजापेक्षा उंच असे, कधी पायथ्याशी प्लास्टिकची मोटारही उभी असे. इतिहासाचा अपमान झाला असे कोणी म्हटले नाही, कारण हात मुलांचे होते. किल्ला बांधताना प्रश्न पडत. पाणी कुठून येत असे? दाणागोटा कोण वर नेत असे? अशा प्रश्नांतूनच मूल इतिहासाच्या दारात जाऊन उभे राही.

नव्या खेळातील उणीव ही आहे, की त्यात आपले मूल किल्ला बांधत नाही, दुसऱ्याने बांधलेल्यात केवळ धावते. त्यावर उपाय मोबाइल जप्त करण्यात नाही, हे मला त्या दिवशी वर्गात उमगले. पुढच्या महिन्यात त्या तिघांना आणि आणखी काही विद्यार्थ्यांना घेऊन मी वसईला गेलो. फ्रान्सिस्कन चर्चच्या कमानीखाली उभा राहून मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी बराच वेळ वर पाहत होता. नंतर त्याने पावलांनी भिंतीची लांबी मोजायला सुरुवात केली. पन्नासच्या पुढे कुठे तरी त्याची मोजणी चुकली, तेव्हा तो मागे फिरला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.